शेजारणीची गोळी, कुलरची हवा आणि आखडलेला खांदा

ऊन तापायला लागलं की माझ्या दुकानात दोन गोष्टींचा खप वाढतो: ओआरएसची पाकिटं आणि दुखण्यावरची मलमं. पहिल्याचं कारण नागपूरकरांना सांगायला नको. दुसऱ्यामागे असतात पापड, कुरडया, माळ्यावरून उतरवलेला कुलर आणि त्यात ओतायच्या बादल्या. या महिन्यात पत्रंही बरीचशी खांद्याचीच आली, म्हणून हे सदर खांद्यालाच देऊन टाकते. नेहमीचं आधी सांगते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. घरी काय करता येतं आणि कुठे थांबायचं, एवढंच माझं काम.

प्रश्न : मॅडम, माझं वय 52. होळीनंतर कुरडयांचा सोऱ्या दाबताना उजव्या खांद्यात कळ आली, तेव्हापासून खांदा दुखूनच राहिला आहे. आता वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे हूक लावायला मुलीला हाक मारावी लागते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. शुगरची मेटफॉर्मिन सुरू आहे, बीपीला टेल्मिसार्टन-एच आहे. शेजारच्या काकूंनी त्यांची गोळी दिली, दोन तासांत हलकं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मिस्टर म्हणतात, कुलरची हवा लागली. चिठ्ठीशिवाय मिळेल अशी चांगली गोळी आणि बाम सांगा.
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : ताई, तुम्ही गोळ्यांची नावं लिहिलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण "एक बीपीची पांढरी" असं लिहितात आणि मग मी काय कप्पाळ सांगणार!

आधी शेजारच्या काकूंच्या गोळीकडे वळू. नाव तुम्ही दिलेलं नाही, पण आपल्याकडे घरोघरी फिरणारी गोळी बहुधा असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी असते, 100 आणि 325 मिलिग्रॅमची. काकूंकडून स्ट्रिप मागून घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. असिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन यातलं काही असेल तर ती गोळी तुमच्यासाठी नाही. काकूंना चालते म्हणून तुम्हाला चालेल असं नाही, कारण तुमचं बीपीचं औषध. टेल्मिसार्टनच्या पुढे जो 'एच' आहे तो लघवी वाढवणारा घटक, हायड्रोक्लोरोथायाझाइड. टेल्मिसार्टन, हा 'एच' आणि वरून वेदनाशामक गोळी, असे तिघे एकत्र आले की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी पडू शकतं. त्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला आणि दुपारभर गच्चीवर पापड राखत बसल्यामुळे अंगातलं पाणी आधीच आटलेलं. मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिनही अंगात साचायला लागते. एका गोळीने हे होईलच असं नाही. पण ज्यांनी "बरं वाटतं म्हणून" महिनाभर रोज एक घेतली आणि मग पायावर सूज घेऊन आले, असे लोक मी काउंटरवर पाहिले आहेत.

सांगायला थोडं विषयांतर होतं, पण गिधाडं अशीच गेली. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मेलेल्या अंगात राहायचं, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं गेलं. माणूस गिधाडापेक्षा कितीतरी पटीने ते सोसतो, घाबरून जाऊ नका. पण ही गोळी चणेफुटाण्यासारखी खायची नाही, एवढं त्यातून घ्या.

तुम्हाला चिठ्ठीशिवाय चालेल अशी गोळी म्हणजे साधी पॅरासिटामॉल, 500 किंवा 650 ची. लिव्हरचा त्रास नसेल तर. दोन गोळ्यांमध्ये सहा तास जाऊ द्या. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा 4 ग्रॅम आहे, मी मात्र दुकानात सगळ्यांना 3 ग्रॅमच्या आतच राहा म्हणते. कारण सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, काकूंच्या त्या जोडगोळीतही असतं आणि बेरीज कोणीच करत नाही. जनऔषधी केंद्रात ती फार स्वस्त मिळते, औषध तेच. खांद्यावर तिचा चमत्कार होईल अशी आशा ठेवू नका. तिचा उपयोग दोन वेळांना: रात्री झोपण्याआधी, आणि खाली सांगितलेल्या व्यायामाच्या अर्धा तास आधी. दुखणं थोडं खाली आणायचं आणि त्या वेळात हात हलवून घ्यायचा.

आता बाम. दुकानात जे बाम म्हणून मागतात त्यात दोन जाती आहेत. एक जात झोंबणारी: मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुरा म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट. ती आतली सूज उतरवत नाही, कातडीला थंड-गरमचा भास देऊन मेंदूचं लक्ष दुसरीकडे वळवते. अमृतांजन मुंबईत 1893 मध्ये निघालं, तेव्हापासून आपण लक्ष वळवूनच घेत आहोत, आणि त्यात वाईट काही नाही, झोप लागते. दुसरी जात डायक्लोफेनॅकच्या जेलची. हे खरोखर सूज उतरवणारं औषध आहे आणि गोळीच्या मानाने साधारण 6 टक्केच रक्तात जातं, म्हणून तुमच्यासारख्यांना थोड्या दिवसांपुरतं गोळीपेक्षा हे बरं. तुमच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र घालून ठेवा. काही ट्यूबमध्ये दोन्ही जाती एकत्र असतात, तेव्हा इथेही घटक वाचा.

जेलबद्दल दोन गोष्टी दुकानात कोणी विचारत नाही. पहिली म्हणजे प्रमाण. लोक वाटाण्याएवढं घेऊन आख्ख्या खांद्याला पुसतात आणि मग म्हणतात, काही फरक नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. खांद्याला एका वेळी दोन ग्रॅम लागतं, म्हणजे अशा चार रेघा, आणि दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरत नाही. ज्यांच्या घरी एक ट्यूब दिवाळी ते दिवाळी पुरते, त्यांनी औषध लावलेलंच नाही! दुसरी गोष्ट दुकानदाराच्या तोंडून ऐकायला मिळत नाही. हे जेल गुडघ्याला आणि हाताच्या बोटांना चांगलं लागू पडतं, कारण ते सांधे कातडीलगत आहेत. खांद्याचा सांधा जाडजूड स्नायूखाली खोल दडलेला आहे, तिथपर्यंत जेल नीट पोचत नाही. वरचा स्नायू दुखत असेल तर उपयोग होईल, सांधाच आखडला असेल तर फारसा नाही.

आणि तुमचा सांधा आखडला असावा अशी मला शंका आहे. घरी एक पाहा. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा, अंगठा वर. आता कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार ढकलल्यासारखा. डाव्या हाताने करून बघा, मग उजव्याने. उजवा अर्ध्यात अडत असेल तर मिस्टरांना म्हणा, कुलरकडे बोट दाखवू नका, इकडे या आणि माझा पंजा अलगद बाहेर न्या. त्यांनी नेला तरी तो तिथेच अडकत असेल तर सांध्याभोवतीचं आवरण आकसलं आहे, म्हणजे फ्रोझन शोल्डर. त्यांच्या हाताने सहज जातो पण तुमच्या ताकदीने जात नाही, असं असेल तर स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांपैकी एखादी दुखावली असू शकते. ही घरगुती चाचणी आहे, निदान नव्हे, पण अस्थिरोगतज्ज्ञांना हे सांगाल तर त्यांचा अर्धा वेळ वाचेल.

फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीतल्या बायकांना जास्त होतो, मधुमेहात तर आणखी जास्त, आणि थायरॉइडचाही संबंध असतो. सोऱ्याने तो झाला असं मी म्हणणार नाही, सोऱ्या दाबताना तो कळला एवढंच. कुलरची हवा रात्रभर थेट अंगावर आली तर मान-खांद्याचे स्नायू ताठरतात हे खरं, कुलर थोडा वळवून ठेवा. पण गार हवेने सांध्याचं आवरण आकसत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आणि थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन जा. ते कदाचित सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. दुखणं नवं असताना त्याचा फायदा होतो, फक्त त्यानंतर काही दिवस शुगर वर जाते, ती तपासत राहायची. हे दुखणं आधी दुखतं, मग आखडतं, मग सुटतं, आणि या साऱ्याला वर्ष ते तीन वर्षंही लागू शकतात. कोणी "आठ दिवसांत खांदा मोकळा" म्हणत असेल तर नमस्कार करून पुढे चला.

तोवर घरी काय? शेक घ्या. रबराची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, पंधरा मिनिटं. शुगरमध्ये कातडीची जाणीव कमी होते, म्हणून आधी डाव्या हाताने गरमपणा पाहा. बाम किंवा जेल लावलेल्या जागेवर शेक द्यायचा नाही, कातडी भाजते आणि औषधही एकदम आत जातं. शेकानंतर डावा हात ओट्यावर टेकून कमरेत वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि अंग हलकेच झुलवून त्याला पुढे-मागे, मग गोल फिरू द्या. हा कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनचा व्यायाम. फ्रोझन शोल्डर हे नावही 1934 मध्ये त्यांनीच दिलं. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, कळ सुरू होईल तिथे थांबायचं आणि त्या जागी पेन्सिलीने खूण करायची. तिसरा, पाठीमागे टॉवेल धरून वरच्या चांगल्या हाताने दुखरा हात हळू वर ओढायचा. हूक लावायची हालचाल त्यानेच परत येते. रोज दोन-तीनदा, थोडं थोडं. डोळ्यात पाणी येईपर्यंत ओढायचं नाही. रात्री उताणं झोपून कोपराखाली उशी ठेवा, किंवा डाव्या कुशीवर झोपून उजवा हात समोरच्या उशीवर टेकवा.

प्रश्न : मी 27 वर्षांचा, मिहानमध्ये नोकरी. परवा जिममध्ये बेंच प्रेस करताना खांद्यात काहीतरी ओढल्यासारखं झालं. स्प्रे मारून राहिलो, पण फरक नाही. बर्फ लावू की शेक देऊ? पेनकिलर घेऊन सोमवारपासून जिम सुरू केली तर चालेल का?
(एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नाही चालणार, भाऊ. दुखतंय म्हणून तू वजन उचलत नाहीस, हीच सध्या तुझ्या खांद्याची राखण आहे. ती गोळीने गप्प करून वर वजन टाकलंस तर अर्धवट ताणलेली दोरी पूर्ण तुटायची.

ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस बर्फ, रुमालात गुंडाळून, पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. थेट कातडीवर नको. नंतर ताठरपणा उरला तर शेक. पोट, मूत्रपिंड, दमा, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलं काही नसेल तर आयब्युप्रोफेन 400, जेवणानंतर, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही, दोन-तीन दिवस. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. सकाळी ठेल्यावर नुसत्या चहाबरोबर घेऊ नकोस. तर्री-पोह्यांबरोबर घेतलीस तर पोटात काहीतरी आहे एवढं समाधान, जळजळ झाली तर ती गोळीची की तर्रीची, हे मला विचारू नको. दुपारी उन्हात दुचाकीवर फिरणार असशील तर पाणी भरपूर पी, वरच्या उत्तरात मूत्रपिंडाचं लिहिलं आहे ते तुलाही लागू.

बरेचसे स्प्रे म्हणजे तोच झोंबणारा बाम, फक्त डबा महाग. स्प्रे पेट घेणारा असतो, तेव्हा गॅस सुरू असताना किंवा देवापुढे दिवा असताना त्या खोलीत मारू नकोस. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि डोक्यावर गेला की कमी होते, असं दोन आठवड्यांनंतरही होत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखव. हात वर जातच नसेल, किंवा त्या वेळी 'कट्' आवाज येऊन दंडावर निळं पडलं असेल, तर दोन आठवडे थांबू नकोस.

प्रश्न : बाबा 68 वर्षांचे आहेत. डावा खांदा आणि दंड दुखतो, विशेषतः जिना चढताना किंवा भाजीची पिशवी घेऊन चालताना. थांबले की पाच मिनिटांत बरं वाटतं. आम्ही बाम चोळतो. आणखी चांगलं मलम कोणतं?
(एक वाचक, वर्धमाननगर)

उत्तर : मलम नको, ईसीजी काढा. हे वाचून झाल्यावर आजच. चालताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं खांद्याचं नसून हृदयाचं असू शकतं. बामने बरं वाटतं असं तुम्हाला वाटतं, कारण चोळायला तुम्ही त्यांना बसवता. हात फिरवून, वर-खाली करून दुखणं बदलतं का पाहा. बदलत नसेल तर शंका आणखी पक्की. जवळचा चांगला फिजिशियन गाठा, किंवा मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयविभाग आहे. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, छातीत दाब आला, श्वास लागला तर 108 ला फोन करा, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

प्रश्न : आठवडी बाजारात एक जण वातावरची पुडी देतो. आईला खांद्याला आणि गुडघ्याला एकदम फरक पडला. पण तिचा चेहरा गोल झाला आहे आणि शुगर आली आहे. आयुर्वेदिक आहे म्हणून काळजी नाही ना?
(एक वाचक, काटोल)

उत्तर : काळजी आहे. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, मग ती आयुर्वेदिक आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? विकणाऱ्यानेच ना! अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड कुटून घातलेलं अनेकदा सापडतं. एकदम फरक, गोल चेहरा, नवी शुगर, तिन्ही लक्षणं त्याच वाटेची आहेत. पण आज लगेच पुडी फेकून देऊ नका. बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, अचानक बंद केलं की चक्कर, उलट्या, बीपी खाली, माणसाच्या जिवावर बेततं. उरलेल्या पुड्या घेऊन एक-दोन दिवसांत फिजिशियनकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

वैद्यांकडच्या औषधांशी माझं भांडण नाही. लेबल असलेलं महानारायण तेल किंवा निर्गुडीचं तेल कोमट करून हलक्या हाताने लावा. मोहाच्या बियांचं तेल घरी असेल तर तेही. चोळण्याने आणि उबेने स्नायू सैल होतो, त्याला तेलाचं नाव फारसं लागत नाही.

प्रश्न : मिरचीचं मलम खांद्याला चांगलं असतं असं ऐकलं. आमच्याकडे भिवापूरची तिखट मिरची भरपूर आहे. घरी तेलात उकळून केलं तर?
(एक वाचक, उमरेड रोड)

उत्तर : भाजीत घाला. दुकानातल्या कॅप्सायसिनच्या क्रीममध्ये मिरचीचा अर्क 0.025 ते 0.075 टक्के इतकाच असतो, तुमच्या कढईतला किती हे मोजणार कोण? क्रीम घेतलंत तर पहिले काही दिवस आग होते, रोज तीन-चार वेळा लावत राहिलं तर आठवडा-दोन आठवड्यांनी दुखणं बोथट होतं. मधे सोडून दिलं की पुन्हा पहिल्यापासून. लावल्यावर हात साबणाने दोनदा धुवा, डोळ्यांना लावू नका, आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तर दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. मे महिन्यात घाम आला की आग दुप्पट होते, म्हणून शक्यतो रात्रीच, आंघोळीनंतर लगेच नको.